आळ स्विचवर, चूक दुसऱ्याची

घरचा पाण्याचा पंप बिघडला की पहिली शिक्षा होते ती प्रेशर स्विचला. पंप सुरू होत नाही, स्विच गेला. पंप थांबत नाही, स्विच गेला. पंप दर मिनिटाला चालू-बंद होतोय, मग तर स्विच गेलाच. मिस्त्री येतो, हार्डवेअरच्या दुकानातून तळहाताएवढा नवा डबा आणतो, जुना काढून तो बसवतो आणि पैसे घेऊन जातो. चार दिवस बरे जातात. पाचव्या दिवशी तेच रडगाणं पुन्हा सुरू.

या डब्याला बोलता येत नाही, म्हणून त्याच्यावर आळ घेणं सोपं. प्रत्यक्षात विहीर, सक्शन पाइप, पंप, टाकी, विजेचा दाब आणि घरातले नळ या सगळ्यांचे दोष त्याच्याच टक-टक आवाजातून ऐकू येतात. तो आवाज समजून घेतला तर निम्मे बिघाड घरबसल्या कळतात आणि निम्मे स्विच कचऱ्यात जायचे वाचतात.

बादलीपासून शॉवरपर्यंत

कोकण-गोव्यात जांभ्या दगडात खणलेली विहीर म्हणजे घराचाच एक भाग. चौल-रेवदंड्याच्या वाड्यांना रहाटगाडग्याने पाणी मिळे, कुठे पाणी उपसायची लाट होती, कुठे साधी कप्पी आणि कळशी. देशावर मोट चाले. त्यानंतर आलं इंजिन आणि मागोमाग विजेची मोटर. मराठी मुलखात पंप म्हटलं की किर्लोस्करवाडी आठवते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावातून बाहेर पडून १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला. नांगर आणि चरकांचं तिथलं काम पुढे पंपांपर्यंत गेलं. घरगुती वापराचे अर्ध्या आणि एक हॉर्सपॉवरचे पंप गावोगाव पोचवण्यात कोइमतूर आणि राजकोटच्या कारखान्यांचाही मोठा वाटा आहे.

वीज आली तेव्हाची व्यवस्था सरळ होती. विहिरीवर पंप, घरावर टाकी. बटण दाबायचं, टाकी वाहू लागली की बंद करायचं. या व्यवस्थेत प्रेशर स्विचला कामच नव्हतं.

त्याला घरात आणलं ते शॉवरने. टाकीतलं पाणी नळाला येतं ते निव्वळ उंचीच्या जोरावर. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलो भरतो. मिस्त्री लोक नुसतं ‘एक किलो’ म्हणतात, आपणही तसंच म्हणू. बैठ्या घरावरची टाकी नळापासून तीन मीटर उंच असेल, तर नळाला दाब मिळतो जेमतेम ०.३ किलो. त्यात बादली भरते, पण शॉवर ठिबकतो, गॅस गीझर पेटत नाही आणि वॉशिंग मशीन पाण्याची वाट बघत बसतं. घराला वरचा मजला चढला, वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या निघाल्या, तशी ही अडचण जास्तच जाणवू लागली. मग कुणी टाकीखाली बूस्टर पंप बसवला, तर कुणी विहिरीवरचाच पंप थेट घराच्या पाइपलाइनला जोडला. दोन्हीकडे प्रश्न एकच होता. नळ उघडला की पंप आपोआप चालू व्हावा आणि नळ मिटला की बंद व्हावा, हे करणार कोण? ते काम या डब्याकडे आलं.

झाकण काढल्यावर

एमसीबी खाली पाडा आणि मगच झाकणाचा स्क्रू सोडा. आत उघड्या पट्ट्यांवर २३० व्होल्ट खेळत असतात, त्यामुळे हा क्रम कधीही उलटा करू नका.

आत दिसतं ते इतकं साधं असतं की आश्चर्य वाटावं. तळाशी रबराचा पडदा, त्याच्या खाली पाइपातलं पाणी. पडद्यावर एक पट्टी, आणि पट्टीला वरून दाबून धरणारी जाड स्प्रिंग. पाण्याचा दाब वाढला की पडदा पट्टीला वर रेटतो. एका ठरावीक क्षणी पट्टी झटक्यात उलटते, तांब्या-चांदीचे टिकलीएवढे पॉइंट एकमेकांपासून सुटतात आणि मोटर बंद पडते. दाब उतरला की स्प्रिंग जिंकते, पॉइंट पुन्हा भिडतात, मोटर सुरू. टक असा आवाज येतो तो या उलटण्याचा. पट्टी हळूहळू सरकत राहिली असती तर पॉइंटमध्ये ठिणगी रेंगाळली असती आणि ते लवकर जळाले असते, म्हणून हा झटका मुद्दाम दिलेला असतो.

बहुतेक स्विचमध्ये मोठ्या स्प्रिंगशेजारी एक छोटी स्प्रिंगही असते. दोघींवर नट असतात. मोठा नट आवळला की चालू होण्याचा आणि बंद होण्याचा, असे दोन्ही आकडे बरोबरीने वर जातात. छोटा नट आवळला की फक्त बंद होण्याचा आकडा वाढतो, म्हणजे दोहोंतलं अंतर वाढतं. कारखान्यातून असा स्विच बहुधा १.४ किलोला चालू आणि २.८ किलोला बंद, असा लावून येतो. हे दोन आकडे नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं रामायण त्यांच्याभोवतीच घडतं.

झाकण उघडल्यावर आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे मुंग्या. वायर आत घेण्याचं भोक उघडं राहिलं की त्या आत शिरतात, पॉइंटच्या फटीत चिरडतात आणि त्यांचा काळा थर साचत जातो. तांबं तांब्याला टेकेनासं होतं. घरात वीज आहे, दाब शून्यावर आहे, तरी पंप ढिम्म. इथे स्विच खरोखरच बंद पडलेला असतो, पण बदलण्याजोगा झालेला नसतो. एमसीबी पाडून जाड कागदाची पट्टी पॉइंटमधून दोन-चार वेळा ओढली की तो कामाला लागतो. मग वायरच्या भोकाला रबरी ग्लँड बसवायला विसरू नये, नाहीतर मुंग्या परत येणारच. पॉइंटवर खड्डे पडले असतील तर मात्र कानस मारून वेळ काढण्यात अर्थ नाही. तो स्विच बदलावा.

कोकणातला दुसरा गुन्हेगार आहे लाल गाळ. जांभ्यातून झिरपलेल्या पाण्यात अनेक ठिकाणी लोह असतं. स्विच पाइपाला जोडलेला असतो तो पाव इंची निपलने, आणि हे लोह त्या बारीक नळीत गेरूच्या चिखलासारखं साचतं. नळी बुजली की पाइपात काय चाललंय ते स्विचला कळतच नाही. आत जुना दाब कोंडलेला असेल तर तो पंप चालूच करत नाही. दाब आत पोचलाच नाही तर तो पंप बंद करत नाही. निपल सोडवून तारेने साफ करायचं काम दहा मिनिटांचं आहे. ते न करता नवा स्विच त्याच बुजलेल्या निपलवर बसवला, तर नवाही जुन्यासारखाच वागतो.

टाकीतली हवा

स्विचच्या शेजारी गोल किंवा आडवी पत्र्याची छोटी टाकी असते. घरगुती संचात ती बहुधा २४ लिटरची. अनेकांना वाटतं ती पाणी साठवण्यासाठी आहे. खरं तर ती हवा सांभाळण्यासाठी आहे. आत रबराची पिशवी असते, पिशवीत पाणी आणि पिशवीबाहेर कोंडलेली हवा. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून पंप थांबल्यावरही ही दाबलेली हवा पाण्याला नळाकडे ढकलत राहते. घरात किरकोळ खर्चासाठी वेगळा डबा ठेवतात, म्हणजे दर वेळी बँकेत जावं लागत नाही. ही टाकी तोच डबा.

डब्यात किती मावतं त्याचा हिशोब रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलेल्या नियमावर चालतो. तापमान तेच असेल तर हवेचा दाब जितक्या पटीने वाढतो तितक्या पटीने तिचं आकारमान घटतं. स्विच १.४ ते २.८ किलोवर लावलेला आणि टाकीत १.२ किलो हवा भरलेली असेल, तर पंप बंद झाल्यापासून पुन्हा चालू होईपर्यंत २४ लिटरच्या टाकीतून साधारण आठ लिटर पाणी मिळतं. हात धुणं, तांब्या भरणं अशी कामं पंपाला न उठवता होतात.

आता ही हवा हळूहळू निसटली तर? टाकी पाण्याने गच्च भरते आणि आठ लिटरचे जेमतेम दोन-तीन लिटर होतात, पुढे तेही नाहीत. नळ उघडला की दाब क्षणात कोसळतो, पंप उठतो, दाब क्षणात चढतो, पंप बसतो. टक-टक, टक-टक. दर सुरुवातीला मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. वाइंडिंग तापतं, पॉइंट भाजतात, कपॅसिटर कमजोर होतो. शेवटी जळतो तो स्विच किंवा मोटर. मूळ दोष टाकीतल्या हवेचा असतो, पण तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

तपासणी घरच्या घरी होते. टाकीच्या दुसऱ्या टोकाला प्लास्टिकची टोपी असते आणि तिच्याखाली मोटारीच्या टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह. आधी त्यातली पिन नखाने क्षणभर दाबा. हवा आली तर ठीक. पाणी आलं तर पिशवी फाटली आहे, आणि पिशवी किंवा टाकी बदलण्याला पर्याय नाही. नुसती हवा कमी असेल तर एमसीबी पाडा, खालचा नळ उघडून पाण्याचा दाब शून्यावर आणा, मग टायरच्या गेजने हवा मोजा. पाणी दाबाखाली असताना मोजलेल्या हवेला काही अर्थ नसतो. चालू होण्याच्या आकड्यापेक्षा ०.२ किलो कमी, म्हणजे १.४ ला चालू होणाऱ्या स्विचसाठी १.२ किलो हवा, सायकलच्या पंपाने भरली की झालं. वर्षातून दोनदा एवढं केलं तर टक-टक बहुधा होतच नाही.

हवा बरोबर असूनही स्विच फडफडत असेल तर तो बसवलाय कुठे ते पाहा. स्विच आणि टाकी यांच्या मध्ये एनआरव्ही, म्हणजे पाण्याला उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, बसला असेल, किंवा स्विच टाकीपासून दूर, पंपाच्या तोंडाशीच असेल, तर पंपाचा प्रत्येक हिसका त्याला बसतो. त्याची जागा टाकीजवळ.

काट्याची साक्ष

या सगळ्या संचातला खरा साक्षीदार म्हणजे प्रेशर गेज. स्वस्त, गोल, काचेमागे काटा. बऱ्याच घरांत तो बसवलेला नसतो, आणि जिथे असतो तिथे त्याच्याकडे कुणी पाहत नाही. आधी तोच धड आहे ना ते बघा. नळ उघडून दाब काढल्यावर काटा शून्यावर आला पाहिजे.

समजा, पंप थांबतच नाहीये. सगळे नळ बंद करून काटा पाहा. काटा २.८ च्या पुढे गेला आणि पंप तरी चालूच, तर दोष स्विचचा किंवा निपलचा. पॉइंट चिकटले असतील किंवा नळी बुजली असेल. पण काटा २.२ वर येऊन अडकला आणि वर सरकतच नसेल, तर स्विच निर्दोष आहे. बंद व्हायचा आकडाच आला नाही तर तो पंप बंद का करील? गळती शोधा, सक्शन तपासा, इम्पेलर झिजलाय का पाहा.

आणि पंपावरची पाटी वाचा. पाटीवर ‘हेड’ लिहिलेलं असतं, म्हणजे पंप पाणी किती मीटर चढवू शकतो तो आकडा. समजा कमाल हेड ३० मीटर आहे आणि विहिरीतलं पाणी पंपाच्या ६ मीटर खाली. ते वर आणण्यातच सहा मीटर खर्ची पडले. उरले २४ मीटर, म्हणजे २.४ किलो. असा पंप २.८ चा आकडा जन्मात गाठणार नाही. नवा, चांगल्या कंपनीचा, सगळं ठाकठीक, आणि तरी रात्रभर घुं-घुं करून तापत राहणार. इथे स्विच बदलून काहीच हाती लागत नाही. त्याचे आकडे खाली आणावे लागतात. दोन किलोला बंद आणि एक किलोला चालू असा लावला, टाकीतली हवा त्या हिशोबाने ०.८ केली, की तोच पंप शहाण्यासारखा वागतो. दुकानदाराने पंप, स्विच आणि टाकी एकत्र विकली म्हणजे त्यांचं गणित जुळलंच असं नसतं.

समजा, घरात कुणी नळ उघडलेला नाही आणि तरी मध्यरात्री पंप अधूनमधून उठतो. तर टाकीनंतर घराकडे जाणारा कॉक बंद करा आणि काटा पाहत थांबा. काटा जागेवर राहिला तर पाणी घरात कुठेतरी जातंय. बहुतेक वेळा तो फ्लशच्या टाकीचा गळका वायसर असतो. कॉक बंद असूनही काटा उतरत गेला तर पाणी उलटं विहिरीत परततंय, म्हणजे एनआरव्ही किंवा तळाचा फूटव्हॉल्व्ह धरत नाही. त्याच्या तोंडात पानाचा देठ किंवा खडा अडकला तरी एवढं पुरतं.

मे महिन्यातली विहीर

पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. पंप फक्त पाइपातला दाब उतरवून पाण्याला वाट करून देतो. ठरावीक उंचीपलीकडे सक्शन पंप पाणी उचलू शकत नाही, ही अडचण गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात नोंदवली आणि हवेच्या दाबाचा खुलासा त्याच्या शिष्याने, तोरिचेल्लीने, १६४४ मध्ये पत्रांतून केला. समुद्रसपाटीला ही मर्यादा १०.३ मीटर आहे. घर्षण, वळणं, सांधे धरले तर प्रत्यक्षात सात-साडेसात मीटर मिळाले तरी नशीब. सुमारे १३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला हवाच विरळ, त्यामुळे तिथे कागदावरची मर्यादाही ८.८ मीटरवर येते.

म्हणून डिसेंबरात सुरळीत चालणारा पंप मे महिन्यात रुसतो. पाणी तीन-चार मीटर खाली गेलेलं असतं, पंप जागचा हललेला नसतो. अशा वेळी पंप विहिरीतल्या ओट्यावर खाली आणायचा, जेट पंप लावायचा किंवा ओपनवेल सबमर्सिबल सोडायचा, एवढेच पर्याय असतात.

पाणी फार खाली नसूनही पंप एअर घेत असेल तर सक्शनचे सांधे तपासावेत. ही गळती फसवी असते. इथे पाणी बाहेर ठिबकत नाही, हवा आत शिरते, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. पंप चालू असताना प्रत्येक सांध्यावर दाढीच्या साबणाचा फेस लावा. जिथे फेस आत ओढला जाईल तिथे चोर सापडला. मग पंप बंद करून प्रायमिंगच्या बुचातून पाणी काठोकाठ भरा आणि पाच मिनिटं बघत बसा. पातळी उतरली तर फूटव्हॉल्व्ह गेला. पंप कोरडा फार वेळ चालू देऊ नका. आतलं मेकॅनिकल सील पाण्यानेच थंड राहतं, ते जळलं की दुरुस्तीचा खर्च वाढला.

विजेचं खातं

मोटर गुणगुणते पण फिरत नाही, अशी तक्रार आली तर प्रेशर स्विचकडे बघायचंच नाही, कारण गुणगुण ऐकू येते म्हणजे स्विचने वीज पोचवली आहे. कपॅसिटर गेलाय किंवा इम्पेलर अडकलाय. पावसाळ्यात बंद ठेवलेल्या घरांत दुसरी शक्यता मोठी. एमसीबी पाडून मागचा पंखा हाताने फिरवून पाहावा. मोकळा फिरला तर कपॅसिटर बदलावा. त्याला हात लावण्याआधी त्यातला साठलेला विद्युतभार काढावा लागतो, ते काम वायरमनकडेच सोपवलेलं बरं.

तिसरी शक्यता कमी व्होल्टेजची. मोटरचं बळ व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतं. २३० च्या जागी १७० व्होल्ट आले, तर वीज पाऊणपट दिसते पण बळ उरतं निम्म्याहून जरा जास्त. संध्याकाळी सगळ्या वाडीत पंप सुरू झाले की तुमचाच पंप अडखळतो तो यामुळे. सकाळी तो ठीक चालत असेल तर मिस्त्रीला बोलावण्यापूर्वी व्होल्टेज मोजून घ्या.

आणि जिथे पाणी आणि वीज एकत्र नांदतात तिथे अर्थिंग आणि करंट गळू लागताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असलाच पाहिजे. पंपाच्या ओल्या ओट्यावर अनवाणी उभं राहून झाकण उघडणाऱ्याला कौशल्य वाचवत नाही, तो आरसीसीबी वाचवतो.

बदलण्याआधी

प्रेशर स्विच कायमचा टिकत नाही. पॉइंट जळतात, पडदा कडक होतो, स्प्रिंग गंजते. तेव्हा तो बदलायलाच हवा. पण ज्या घरात तो दरवर्षी बदलावा लागतो, तिथे दुखणं दुसरीकडे आहे हे नक्की.

म्हणून एक करा. आज पंप चांगला चालत असेल तर आजच त्याच्या शेजारच्या भिंतीवर मार्करने चार गोष्टी लिहून ठेवा. किती किलोला चालू होतो, किती किलोला बंद होतो, टाकीत हवा किती, आणि पंपाच्या पाटीवरचं हेड किती. गेज नसेल तर बसवून घ्या. आणि पुढच्या वेळी मिस्त्री नवा स्विच घेऊन दारात उभा राहिला, की पाण्याचा ग्लास देऊन त्याला आधी विचारा, काटा किती दाखवतोय?